'रडू द्या' म्हणणाऱ्यांस

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की त्याच्या पाठोपाठ दोन पाहुणे न बोलावता येतात: एक शेजारची मुले आणि दुसरा सल्ला. मुले दिवेलागणीला आपापल्या घरी जातात; सल्ला मात्र मुक्कामाला राहतो. तो सल्ला सर्वांना पाठ आहे. "रात्री त्याला गॅलरीत ठेवा, नाहीतर मोरीत. रडेल. रडू द्या. एकदा का तुम्ही उठून गेलात की ते कायमचे डोक्यावर बसले म्हणून समजा. तीन रात्री कळ काढा. चौथ्या रात्री आपोआप गप्प होते."

हा सल्ला देणारी माणसे दुष्ट नसतात. उलट त्यांतली बहुतेक अनुभवी, स्वतः कुत्री पाळलेली आणि आपल्या परीने त्यांच्यावर माया करणारी असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे जड जाते. पण तो घातला पाहिजे. दिवाळीची सुट्टी, मुलांचा हट्ट आणि हातात आलेला बोनस असा तिहेरी योग जमला की पुष्कळ घरांत पिल्लू येते, आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या पहिल्या आठ-दहा रात्रींवर ठरते. सणाच्या अंकात हा कडू विषय काढण्याचे कारण एवढेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रात्री एकटे झोपणे ही उपजत येणारी गोष्ट नाही. ती शिकावी लागते, आणि ती सोबतीतच शिकता येते. ज्याला एकटे राहता यावे असे वाटते त्याला आधी सोबत द्यावी लागते आणि मग ती हळूहळू, त्याच्या नकळत काढून घ्यावी लागते. एकटे टाकून एकटेपणा शिकवणे ही शिकवण्याची रीतच नव्हे. कोणी म्हणेल, आम्हांला विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवले. शिकवले खरे, पण ढकलण्याआधी पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधलेला होता, आणि मामा किंवा काका खाली पाण्यात वाट पाहत होते, हे आपण विसरतो. पिल्लाला आपण ढकलतो ते डब्यावाचून, आणि काठावरचा माणूस दिवा मालवून झोपायला गेलेला असतो.

हे पिल्लू आपल्याकडे येण्यापूर्वी कसे झोपत होते, याचा विचार सल्ला देणारे करीत नाहीत. जन्मल्यापासून दहा ते चौदा दिवस पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. कानही त्याच सुमारास उघडतात. अंगाची ऊब आपली आपण टिकवण्याची शक्ती पहिल्या काही दिवसांत त्याच्यात नसते. म्हणून पिल्ले ढिगाने झोपतात. एकाचे तोंड दुसऱ्याच्या पोटाखाली, तिसऱ्याचा पाय चौथ्याच्या मानेवर. एक जरा सरकले तर सगळा ढीग कुरकुरतो, हलतो आणि पुन्हा जमतो. पिल्लाच्या लेखी झोप म्हणजे हा ढीग. आईचा वास आणि भावंडांच्या पोटांची धपापती ऊब यांवाचून असलेली झोप त्याने पाहिलेलीच नसते. आठ आठवड्यांच्या आयुष्यात ते एकही रात्र एकटे निजलेले नसते.

अशा जिवाला आपण एका संध्याकाळी खोक्यात घालून घरी आणतो. वास बदलतो, आवाज बदलतात, खाणे बदलते, मातीच्या जागी पायाखाली गुळगुळीत फरशी येते. दिवसभर ते दहा हातांतून फिरते. रात्री दहाच्या सुमारास, त्या परक्या जगात त्यातल्या त्यात ओळखीचे झालेले माणसांचे आवाजही जेव्हा थांबतात, नेमके तेव्हा आपण दार लावून घेतो. मग ते रडते, आणि आपण म्हणतो, मोठे हट्टी आहे!

हट्ट करायला हक्काचे माणूस लागते. परक्याच्या घरी मूल हट्ट करीत नाही, हे कोणतीही आई सांगेल. पहिल्या रात्री त्या घरात पिल्लाचे हक्काचे असे कोणीच नसते. ते हट्ट करीत नसते, हाक मारीत असते. ढिगातून बाहेर घरंगळलेले आणि गप्प राहिलेले पिल्लू आईला सापडत नाही, केकाटणारे सापडते. पिढ्यान्‌पिढ्या जी केकाटली ती वाचली, आणि आपल्या गॅलरीत आहे ते त्यांचेच वंशज. जीव वाचवण्याचे त्याच्याजवळ जे एकच साधन आहे ते त्याने वापरले, एवढाच त्याचा गुन्हा.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचे गाव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षे वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी एक मोठी गोष्ट दाखवून दिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाचा नाती जोडण्याचा काळ असतो. आपले कोण आणि परके कोण, हे ते याच दिवसांत ठरवते. त्या मंडळींच्या कामातून हेही दिसले की एकटे ठेवलेले पिल्लू ओळखीच्या जागेपेक्षा अनोळखी जागेत कितीतरी जास्त ओरडते. आता आपला व्यवहार पाहा. नाती जोडण्याचे जे मोजके आठवडे निसर्गाने त्याला दिले, त्यांच्या अगदी मध्यावर ते आपल्याकडे येते. आणि पहिला धडा आपण असा देतो की, या घरात हाक मारली तर कोणी येत नाही.

"पण चौथ्या रात्री गप्प होते की नाही?" हा त्यांचा हुकमाचा पत्ता. होते. मी नाकारीत नाही. पण गप्प झाले म्हणजे सुखाने निजले, हे कोणी सांगितले? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन कामावर जात. बाळगोळी असे तिचे गोंडस नाव होते. मूल दिवसभर गप्प राही. त्या आयांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. उभा दिवस गिरणीत, घरी सांभाळणारे कोणी नाही, त्या करणार काय? पण त्या मुलाचे गप्प राहणे म्हणजे शहाणपण होते असे आज कोणी म्हणणार नाही. आवाज थांबला की दुःख थांबले, हा हिशेब ऐकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

अफूची गोष्ट काढली तर आणखी एक सांगितले पाहिजे. १९७८ साली याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, सोबत्यांपासून दूर केलेल्या पिल्लाचे रडणे मॉर्फिनच्या अगदी थोड्या मात्रेनेही ओसरते. मॉर्फिन हे अफूपासूनच काढतात, आणि ते देतात जखमेची कळ शमवण्यासाठी. ज्या औषधाने जखमेची कळ शमते त्याच औषधाने ताटातुटीचे रडणे शमते, याचा अर्थ काय? ज्याला आपण लाड, नखरा, नाटक म्हणतो ते शरीराच्या लेखी दुखण्याच्या घरातलेच आहे. दुखणे चौथ्या रात्री गप्प झाले म्हणून ते बरे झाले असे वैद्य म्हणत नाही. ओरडून ओरडून दमलेले आणि ओरडण्यात अर्थ नाही हे कळलेले पिल्लूही गप्पच होते.

अशी सगळीच पिल्ले बिघडतात असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ निभावून नेतात. कुत्र्याची जातच सोशिक. पण काही निभावून नेत नाहीत. ती मोठी झाल्यावरही माणूस चप्पल घालू लागले की थरथरतात, दार खरवडतात, एकटी राहिली की घरात घाण करतात. आणि आपण म्हणतो, शेपूट वाकडे ते वाकडेच! शेपटाला नळीत घालणारा हात आपला होता, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही.

मला कुतूहल वाटते ते याचे की ही रीत आपल्याकडे आली कोठून. 'मूल रडले तरी उचलू नका' असे सांगणारे एक शास्त्र पश्चिमेत होऊन गेले. १८९४ साली अमेरिकेत डॉक्टर एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर प्रश्नोत्तररूपी पुस्तक लिहिले; त्यात केवळ लाडासाठी रडणाऱ्या मुलाला रडू द्यावे असा उपदेश होता. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर मुलांना मिठीत घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, इथपर्यंत मजल मारली. ज्या घरांत तान्ह्या मुलाचा बिछाना वेगळ्या खोलीत, त्या घरांत कुत्र्याच्या पिल्लाची रात्र स्वयंपाकघरात नाहीतर बाहेर, हे ओघानेच आले. पुढे त्या देशांनीच हे शास्त्र अडगळीत टाकले. १९५८ साली हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग जगापुढे मांडले. दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी मऊ कापडाची आई अशा दोन बाहुल्या पिंजऱ्यात ठेवल्या, तर पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून बसत. पोट भरले म्हणजे झाले, ही समजूत त्या दिवशी निकालात निघाली. तिकडे निकालात निघालेले शास्त्र आपल्या गॅलरीत मात्र अजून नांदते आहे.

आणि ते कोणाच्या गॅलरीत? ज्यांच्या घरी मूल झोळीत निजत आले, आणि झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे, त्यांच्या! आपल्यापैकी किती जण लहानपणी वेगळ्या खोलीत एकटे निजले? आजीच्या गोधडीत शिरून, तिच्या खरखरीत हाताखाली, अर्धी गोष्ट ऐकून आपण झोपलो. म्हणून आपण भित्रे निघालो नाही. वय झाले तसे आपोआप आपापल्या अंथरुणावर गेलो. धनगराच्या वाड्यावर जाऊन पाहा. त्याचे पिल्लू मेंढरांत वाढते, मेंढरांना टेकून झोपते. ते लाडावत नाही. तेच पुढे थंडीवाऱ्यात रात्रभर एकटे कळपाभोवती जागते आणि लांडग्याच्या अंगावर जाते. धैर्य उबेतून येते, हे आपल्या घरात आणि रानात उघड दिसत असताना आपण उसन्या पुस्तकावर विश्वास ठेवतो.

मी शिक्षिका आहे, म्हणून या प्रश्नाकडे मला शिकवण्याच्या बाजूने पाहावेसे वाटते. जून महिन्यात शाळेच्या दारात रडणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना आत ओढून दार लावणारे शिक्षकही पाहिले आहेत. ती मुले गप्प होतात; शिकत मात्र नाहीत. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीत येईनात. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्या म्हणाल्या, आणि नेली. ओळखीच्या अंगणात बसलेले मूल मग हळूहळू अनोळखी गोष्टी शिकू लागले. शिकवण्याचे सगळे मर्म यात आहे. शिकणारा जेथे आहे तेथून सुरुवात करायची. आपण जेथे आहोत तेथून नव्हे. पिल्लू आज ढिगात आहे. आपल्याला ते बैठकीच्या खोलीत, आपल्या गादीवर, एकटे, शांत निजलेले हवे आहे. हा पल्ला एका रात्रीत उडी मारून गाठायचा नसतो. पायऱ्या बांधायच्या असतात.

त्या पायऱ्या अवघड नाहीत. पिल्लू आणण्याच्या चार दिवस आधी त्याच्या मालकाकडे एक जुनेर देऊन ठेवावे आणि ते आई-पिल्लांच्या अंथरुणात टाकायला सांगावे. पिल्लाबरोबर ते घरी आणावे. पहिल्या रात्री उंच कडांच्या करंडीत किंवा खोक्यात गोधडी घालून, त्यावर ते जुनेर अंथरून, करंडी आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावी. हात खाली सोडला की पिल्लाला लागेल इतकी जवळ. थंडी असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात नीट गुंडाळून एका कडेला ठेवावी, म्हणजे उकडले तर त्याला दूर सरकता येईल. शेवटचे खाणे निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी. मग थोडे खेळवावे, ठरल्या जागी लघवीला न्यावे, आणि दिवा मालवावा. लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला नेऊ नये. अंगणाचा कोपरा किंवा गॅलरीत रद्दी पसरून केलेली जागा पुरते.

ते कुरकुरले तर हात खाली सोडावा. उचलून घेऊ नये, बोलत बसू नये, दिवा लावू नये. हाताचा वास आणि श्वासाचा आवाज त्याला पुरतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री तीन-चार तासांहून अधिक वेळ लघवी धरवत नाही. म्हणून रात्रीतून एकदा, क्वचित दोनदा उठणे आहे. तान्ह्या मुलाच्या आईला हे सांगावे लागत नाही. गजर लावावा, मुकाट्याने न्यावे, मुकाट्याने परत आणून ठेवावे. रात्र ही खेळायची वेळ नाही, एवढे त्याला यातून कळते.

तीन-चार रात्री अशा गेल्या की करंडी हातभर लांब सरकवावी. आणखी दोन रात्रींनी आणखी हातभर. मग खोलीच्या दाराशी, मग दाराबाहेर, दार उघडे ठेवून. कुठे कुरकुर वाढली तर एक पायरी मागे यावे. त्यात मानहानी नाही. दिवसाही याचा सराव हवा. पिल्लू खाऊन-खेळून पेंगुळले असताना शेजारच्या खोलीत जावे आणि ते रडण्याच्या आत परत यावे. आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा. जाताना निरोपाचा सोहळा नको आणि आल्यावर स्वागताचाही नको. माणूस जाते आणि माणूस परत येते, हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याला एकटेपणाची भीती वाटत नाही. पंधरा दिवस, फार तर महिना, यात सगळे काम होते.

आता "लाडावेल" या आक्षेपाचे उत्तर देते. रडल्यावर जवळ गेले तर पिल्लू रडायला शिकते, यात काही अंशी तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय 'जाऊ नका' हा नाही. 'रडण्याआधीच असा' हा उपाय आहे. जे शेजारीच झोपले आहे त्याला रडून बोलवावे लागत नाही. लाडावण्याचे खरे शिक्षण 'रडू द्या' म्हणणारेच देतात. कसे ते पाहा. तासभर ते कान दाबून पडून राहतात. मग शेजारी भिंतीवर थाप मारतो. मग नाइलाजाने उठतात, पिल्लाला उचलतात, दूध पाजतात, क्वचित एक चापटही देतात. पिल्लू काय शिकले? थोडे रडून भागत नाही, तासभर रडावे लागते! दुसऱ्या रात्री ते दीड तास रडते. आणि चापटीने शिकते ते इतकेच की अंधारात येणारा हात बरा नसतो. हा हात उद्या घरातल्या लहान मुलाचा असेल.

वादाला दुसरीही बाजू आहे आणि तिला सोडून चालणार नाही. काही मायाळू घरांत पिल्लू पहिल्याच रात्री पांघरुणात येते आणि जन्मभर तेथेच राहते. त्याला एक क्षण एकटे ठेवीत नाहीत. मला हीदेखील माया वाटत नाही. ही दुसऱ्या तऱ्हेची हेळसांड आहे. घरातल्यांना कधीतरी लग्नाला जावे लागते, कधी इस्पितळात रात्र काढावी लागते. त्या दिवशी ते कुत्रे दार फोडायला निघते. ज्याला आपण कधीच एकटे राहू दिले नाही त्याचा एकटेपणा आपण टाळला नाही, फक्त पुढे ढकलला आणि वाढवून ठेवला. शिवाय लहान पिल्लांच्या पोटात जंत असतात आणि ते मुलांना बाधतात. जंतांचे औषध वेळच्या वेळी दिले पाहिजे आणि पिल्लाची जागा करंडीतच असली पाहिजे. सोबत द्यायची ती काढून घेता येईल अशा बेताने द्यायची. यात काटेकोरपणा आहे, पण निर्दयपणा नाही.

एक-दोन खोल्यांच्या घरात हे कसे जमावे, असे काही जण विचारतात. मी म्हणते, तेथेच ते सर्वांत सोपे आहे. जेथे पाच माणसे एका खोलीत निजतात तेथे पिल्लाला ढीग आयताच मिळतो. अडचण जागेची नसते. 'कुत्र्याची जागा बाहेर' या समजुतीची असते.

या समजुतीची किंमत कोण मोजते ते सांगून हा लेख पुरा करते, कारण माझा खरा राग तेथे आहे. आमच्याकडे रात्री कुत्रे रडले की ते अभद्र मानतात. पिल्लू दोन रात्री रडले की घरातले कोणी वडीलधारे माणूस म्हणते, "अगं, हे रडणं बरं नव्हे. घरात आजारी माणूस आहे." त्यात शेजाऱ्यांची तक्रार येते. वास्तविक भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच गृहनिर्माण संस्थांना कळवले आहे की भुंकण्याच्या कारणावरून कुत्रे पाळण्यास बंदी करता येत नाही. पण ते परिपत्रक वाचतो कोण? तिसऱ्या दिवशी पिल्लू राखणदाराला दिले जाते, राखणदार ते पुढे देतो, आणि आठवडाभरात ते मंडईमागे उकिरड्यावर दिसते. मुलांना सांगतात, शेतावर पाठवले. माझ्या वर्गातली मुले दिवाळीनंतर हे 'शेत' मला मोठ्या विश्वासाने वर्णन करून सांगतात. त्या शेताचा पत्ता त्यांच्या वडिलांना माहीत असतो, आणि मलाही.

टाकून देणे हा या देशात गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विधेयक आणून पाठपुरावा केला आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे त्यात गुन्हा ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये. इतक्या पैशांत ती करंडीही येत नाही. २०१७ सालच्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली. तरीही पाच आठवड्यांचे पिल्लू 'दोन महिन्यांचे आहे' म्हणून विकणारे आहेत, आणि ते लहान तेवढे गोंडस दिसते म्हणून घेणारेही आहेत. त्या तीन आठवड्यांत आई आणि भावंडे त्याला जे शिकवणार होती, ते कोणत्याही पैशाने परत मिळत नाही. त्याच्या पहिल्या रात्रीचे रडणे तिप्पट असते, आणि त्यावर 'हट्टी' म्हणून शिक्काही लवकर बसतो.

म्हणून माझ्या काही स्पष्ट मागण्या आहेत. दिवाळीच्या चार दिवसांत पिल्लू घरी आणू नये. आपल्याला न ऐकू येणारे आवाजही ज्याला ऐकू येतात, आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपाशी थांबतो तर ज्याचा सुमारे ४५,००० पर्यंत जातो, त्याच्या आयुष्यातली पहिली रात्र फटाक्यांची नसावी. तुळशीचे लग्न होऊ द्या, गल्ली शांत होऊ द्या. आठ आठवडे पुरे झाल्याची खात्री आणि त्याची आई डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे देऊ नका. पिल्लू कोणाला भेट म्हणून तर मुळीच देऊ नका. भेट पेढ्यांची द्यावी, जबाबदारीची देऊ नये. आणि घरी आणण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसांनी बसून ठरवा की पुढच्या पंधरा रात्री करंडीशेजारी कोण निजणार आणि तीन वाजता कोण उठणार. मुले उत्साहाने नाव देतील. ते धरू नका. नाव मोठ्या माणसाचे हवे.

असे एकही नाव पुढे आले नाही, तर पिल्लू आणू नये. कुत्रे आपल्या दारात बारा-तेरा वर्षे काढते. तितक्या वर्षांची राखण आपल्याला फुकट हवी आणि त्याबदल्यात पंधरा रात्रींची सोबत परवडत नाही, हा सौदा अजून कोणत्याही कुत्र्याने नाकारलेला नाही. नाकारायचा तो माणसांनीच.